होडीच्या पोटात इंटरकूलर

मासेमारीची बंदी पुन्हा लागली आहे. ज्यांचा मासळीशी संबंध ताटापुरता, त्यांच्यासाठी जून-जुलै म्हणजे पापलेट महाग होण्याचे दिवस. आम्हा वेसाव्याच्या लोकांसाठी हे दिवस होड्यांच्या बाळंतपणाचे. खाडीच्या काठाला होड्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत, खाली लाकडी ठोकळ्यांचे टेकू, वर निळ्या ताडपत्र्या. सकाळपासून ठोकाठोक चालू होते. फळ्यांच्या फटींत कापूस ठासतानाचा बोथट आवाज, मध्येच ग्राइंडरची किंकाळी, ओल्या रंगाचा वास आणि त्याच्या तळाशी खाडीच्या चिखलाचा वास. रविवारी मी आमच्या ‘सागरमणी’च्या इंजिनखोलीत उतरते, इंटरकूलरच्या दोन्ही टोकांची झाकणं खोलते आणि लांब सळईला फडकं गुंडाळून एकेक नळी साफ करते. चिखल निघतो, शेवाळ निघतं, शाम्पूच्या पुडीचा कोपरा निघतो. हा इंटरकूलर इथे बसणारच नाही, असं निम्म्या कोळीवाड्याचं मत होतं. मीही इथे उतरायला नको, असं उरलेल्या निम्म्याचं.

दोन्ही मतांना मी तेव्हा जुमानलं नाही आणि आताही जुमानत नाही. फडकं काळंकुट्ट होतं, मी ते पिळते, पुन्हा सळईला गुंडाळते.

मुंबईत मला सगळ्यात जास्त वेळा ऐकवलं गेलेलं वाक्य म्हणजे ‘जागा नाही’. शाळेत पुढच्या बाकावर जागा नाही. डिप्लोमाच्या वर्कशॉपात मुलींना कपडे बदलायला जागा नाही. बोंबील वाळवायच्या दांड्या लावायला जागा नाही, कारण तिथे आता गाड्या लावायच्या आहेत. गंमत अशी, की हे सांगणारा माणूस स्वतः नेहमी ऐसपैस बसलेला असतो. जागा नसते असं होत नाही, ती कुणाची तरी असते, आणि ती कुणाकडून घ्यायची एवढंच ठरवायचं असतं. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. एका बंदीत, एका जुन्या लाकडी होडीच्या पोटात वाकून बसल्या बसल्या मला ते कळलं.

त्या वर्षी मोसम संपता संपता आमचं जुनं इंजिन गेलं. गेलं म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेलं, त्याच्या ओतीव अंगालाच तडा पडला. मी गोरेगावला ट्रकच्या वर्कशॉपात सुपरवायझर आहे, दिवसभर फुटकी इंजिनं बघते, त्यामुळे मला खोटा धीर देता येईना. बाबा होडीच्या कडेवर बसून होते. जाळं ओढायच्या विंचच्या दोरात अडकून त्यांचा उजवा खांदा निकामी झाल्यापासून ते समुद्रावर जात नव्हते. होडी त्यांचे चुलतभाऊ नामदेवकाका चालवायचे. ते आमचे तांडेल, म्हणजे होडी ज्यांच्या शब्दावर चालते ते. इतकी वर्षं त्यांनी ‘सागरमणी’ सांभाळली, पण इंजिन गेल्याचं ऐकून तेसुद्धा म्हणाले, की आता हिचं आयुष्य सरलं.

हे एका हॉटेलवाल्याच्या कानावर कसं गेलं कोण जाणे. अंधेरीत त्याचं मोठं हॉटेल होतं आणि त्याला बागेत एक खरी, समुद्रावर जाऊन आलेली लाकडी होडी ठेवायची होती. होडीत टेबलं मांडायची, वर कंदील लावायचे, आणि गिऱ्हाइकांनी त्यात बसून सुरमईची थाळी खायची. माणूस सभ्य होता, हे मला कबूल करावंच लागेल. नाव बदलणार नाही म्हणाला, होडीवरचे डोळेसुद्धा तसेच रंगवीन म्हणाला. त्याचं हे सगळं गोड बोलणं ऐकून बाबांचं डोकं फिरलं, आणि चारचौघांत ते बोलून गेले, की नारळी पुनवेला ही होडी स्वतःच्या इंजिनाने खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन नाही आली, तर घेऊन जा. रागात दिलेला असला तरी तो शब्दच होता. आमच्याकडे किनाऱ्यावर दहा माणसांसमोर बोललेलं परत घेता येत नाही. हॉटेलवाल्याने मान डोलावली आणि जाता जाता होडीची लांबी टेपने मोजून घेतली.

आईने त्या दिवशी जेवण केलं नाही. ती अंधेरीच्या बाजारात मासे विकते. स्वतःच्या होडीचं म्हावरं पाटीत घेऊन बसणं आणि धक्क्यावरच्या लिलावातून दुसऱ्याचं उचलून आणणं यात काय फरक आहे, हे तिला विचारायची गरजच नव्हती. ती बसते कशी, गिऱ्हाइकाकडे बघते कशी, यातच ते दिसायचं. होडी हॉटेलात गेली असती, तर आईचं ते बसणं गेलं असतं.

इंजिन मिळालं ते एका अपघातात सापडलेल्या ट्रकचं. चार सिलिंडर, टर्बोवालं, आतून अगदी तंदुरुस्त. वर्कशॉपातल्या ओळखीने मी ते उचललं. जुन्या इंजिनाच्या पायांवर थोड्या खटपटीने ते बसलं, गिअरबॉक्स जुळला, शाफ्ट जुळला. अडलं ते इंटरकूलरवर. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबलेली हवा तापते, तापलेली हवा विरळ होते, आणि विरळ हवेत डिझेल नीट जळत नाही. म्हणून ती हवा इंजिनात शिरण्याआधी थंड करायची, ते काम इंटरकूलरचं. ट्रकला तो नाकासमोर असतो, दाराएवढा रुंद, आणि धावत्या ट्रकला वारा फुकट मिळतो. होडीच्या पोटात वारा नसतो. तिथे असतो डिझेलचा वास, तापलेलं लाकूड आणि घामाने निथळणारा माणूस. दार तर सोडाच, खिडकीएवढीही वस्तू तिथे मावत नव्हती.

नामदेवकाकांचा सल्ला सोपा होता. काढून टाक. आमच्या बापजाद्यांच्या होड्यांना कुठे होता इंटरकूलर? माझ्या वर्कशॉपाचे मालकही जवळजवळ तेच म्हणाले, जरा सुधारून. डिझेलचा पंप कमी कर, इंजिन थोडं कमी ताकदीने चालेल, भागव. सल्ला चुकीचा नव्हता. भल्याभल्यांनी तसं केलेलं आहे. पण आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं, समोरून लाट आत येत असते, आणि त्या दोघांच्या कात्रीत होडी सापडली की मागे इंजिनाची ताकद लागते. तिथे कमी पडलेली होडी आडवी होते. मी लहान असताना आमच्याच शेजारची एक आडवी झालेली मी किनाऱ्यावरून पाहिली आहे. शिवाय ‘भागव’ या शब्दाचीच मला चीड आहे. घर लहान, भागव. पाणी कमी, भागव. समुद्र मागे हटला, मासळी कमी झाली, भागव. निदान माझ्या इंजिनाला तरी मी भागवायला लावणार नव्हते.

म्हणून मी स्वतः इंजिनखोलीत उतरले. बाया होडीवर चढतात त्या फक्त नारळी पुनवेला, सजवलेल्या होडीवर, नव्या लुगड्यात. इंजिनखोलीत कुणी उतरत नाही. तशी बंदी कुठे लिहून ठेवलेली नाही, पण मी पहिला पाय आत टाकला तेव्हा नामदेवकाकांनी हातातला चहा फळीवर ठेवला आणि ते निघून गेले. चहा निवला, मग ते परत आले आणि टॉर्च धरून उभे राहिले. त्या टॉर्चमुळे त्यांच्याशी मी नंतर कितीही भांडले, तरी माझा राग फार वर जात नाही.

इंटरकूलर निवडायचा म्हणजे आधी त्याला द्यायची जागा निवडायची. मी आईच्या मासळीच्या थर्मोकोलच्या जुन्या पेट्या घेतल्या आणि तिच्याच कोयत्याने त्यांतून इंटरकूलर कापले. एक जाड आणि आखूड, एक बारीक आणि लांब, एक पावाच्या लादीसारखा चपटा. पांढरे, हलके, मांदेलीचा वास मारणारे इंटरकूलर. ते एकेक करून मी इंजिनाच्या डाव्या अंगाला, उजव्या अंगाला, गिअरबॉक्सच्या डोक्यावर ठेवून बघायची. इथे बसतो, पण फिल्टरपर्यंत हात जात नाही. तिथे हात जातो, पण हवेच्या पाइपाला तीन वळणं पडतात, आणि प्रत्येक वळण हवेचा जोर खातं. समुद्राच्या पाण्यावर थंड होणारा घ्यायचा हे पक्कं होतं, कारण पाणी तेवढं आमच्याकडे मुबलक आहे. संध्याकाळी घरी आले की केसांत थर्मोकोलचे मणी असायचे, आणि आई ते निवडत बसायची, लहानपणी उवा निवडायची तशी.

कुर्ल्याच्या भंगार बाजारात एका दुकानदाराने मला ट्रकचा ॲल्युमिनियमचा इंटरकूलर विकायचा फार प्रयत्न केला. खाऱ्या पाण्यात तो दोन मोसमांत चाळणी होईल हे मी सांगितलं, तर म्हणाला, “मॅडम, साहब को भेज दो, उनको समझा दूंगा.” मी म्हटलं, साहेब मीच आहे, आणि मला समजलेलं आहे. मग त्याने माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायले आणि काहीही न घेता निघाले.

शेवटी मला हवा तसा एक सापडला. चपटा, देखणा, आत केसासारख्या बारीक नळ्यांचं दाट जाळं. एवढ्याशा जागेत एवढा थंडावा दुसऱ्या कुठल्याच इंटरकूलरमध्ये नव्हता. गिअरबॉक्सच्या बाजूला तो असा बसला, की त्याच्यासाठीच ती पोकळी सोडली होती म्हणावं. आमच्याकडची चाचणीची रीत अशी: बंदीत होडी किनाऱ्यावर, म्हणून शेजारी पिंप ठेवायचं, नळाचं पाणी भरायचं, त्यात इंजिनाची पाण्याची नळी सोडायची आणि इंजिन चालवून बघायचं. सगळा कोळीवाडा वर्षानुवर्षं असंच करतो. आम्हीही केलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, टर्बोची बारीक शिट्टी ऐकू आली, आणि हवेच्या तापमानाचा काटा जिथे हवा तिथे उभा राहिला. आजूबाजूच्या होड्यांवरचे लोक हातातलं काम टाकून बघायला आले. बाबांनी डाव्या हाताने माझ्या पाठीत थाप मारली. ती थाप मला दोन दिवस जाणवत होती.

उधाणाच्या भरतीला होडी पाण्यात ढकलली. पुनवेला अजून अवकाश होता, म्हणून खाडीतल्या खाडीत एक फेरी मारून बघायचं ठरलं. नामदेवकाका सुकाणूवर आणि मी खाली इंजिनाशी. थोडं अंतर गेलो नाही तोच काटा सरकायला लागला. मग मागून काळा धूर निघाला, मग काकांची वरून हाक आली, आणि मी इंजिन बंद केलं. दुसऱ्या होडीने दोर टाकून आम्हाला ओढत परत आणलं. ओढून आणलेल्या होडीला किनारा कसा बघतो, ते ज्याने सोसलं त्यालाच ठाऊक. हॉटेलवालाही त्या दिवशी आलेला होता. त्याने नजर दुसरीकडे वळवली, एवढी सभ्यता त्याच्यात होती.

नळाच्या पाण्यावर पास झालेला तो देखणा इंटरकूलर खाडीच्या पाण्यावर नापास झाला होता. आमची खाडी म्हणजे उपनगराची मोरी आहे. अंधेरीपासून मालाडपर्यंतचे नाले तिच्यात येतात. पिशव्या, पुड्या, चिंध्या अडवायला जाळी होती, पण बारीक मऊ चिखल जाळीला कसला जुमानतो. तो त्या केसासारख्या नळ्यांत जाऊन बसला होता, आणि इंटरकूलरची टोकं कारखान्यातच डाग देऊन बंद केलेली, त्यामुळे आत सळई घालायची सोय नव्हती. पिंपावर चाचणी घेताना आमच्यापैकी एकालाही खाडी आठवली नाही. जन्म तिच्या काठावर गेलेला, आणि आठवली नाही. मला रडू आलं ते रागाने. खाडी आम्ही नाही अशी केली. वरच्या शंभर टॉवरांच्या मोऱ्यांनी ती अशी केली, आणि इंजिन मात्र आमचं बंद पडायचं.

त्याच संध्याकाळी ओट्यावर आईबरोबर बोयी साफ करत बसले होते. पोट फाडायचं, अंगठ्याने आतलं एका ओढीत काढायचं, पाणी मारायचं. हात आपसूक चालत होते आणि डोक्यात इंटरकूलर. आणि मग अंगठा माशाच्या पोटात असतानाच मला कळलं, की मी आजवर चुकीची गोष्ट मोजत होते. मी मोजत होते किती जागेत किती थंड करतो. मोजायला हवं होतं, उघडतो का, आणि उघडल्यावर हात आत जातो का. आमच्या खाडीत घाण जाणारच. ती रोज काढता आली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून बंदराजवळच्या दारूखाना भागात गेले. तिथे तोडलेल्या जहाजांचं सामान मिळतं. एका जुन्या टगबोटीच्या जनरेटरचा इंटरकूलर मिळाला. तांबं-निकेलचा, हाताएवढा लांब, आत करंगळी जाईल अशा जाड सरळ नळ्या, दोन्ही टोकांना नटबोल्टची झाकणं. चपट्यापेक्षा थंड कमी करायचा, पण इंजिनाला पुरेसं. दिसायला अगदी ओबडधोबड. मी तो रिक्षात मांडीवर घेऊन बसले आणि बाहेर बघत बसले, जणू रोजच घेऊन जाते.

आता जागेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि दुपटीने मोठा. हा लांब, आणि सळई घालायची तर त्याच्या टोकांसमोर आणखी तेवढीच मोकळी जागा हवी. सुतार आला, त्याने आतून बघितलं आणि होडीच्या एका बरगडीवर खडूने दोन रेघा मारल्या. एवढं कापलं की बसतो. बाबांनी खडूकडे बघितलं आणि हाताने तो पुसून टाकला. बरगडी कापलेली होडी पाण्यावर तरंगते, पण लाटेत तिचं अंग ढिलं पडतं. तो विषय तिथेच मिटला.

मग नामदेवकाकांनी दुसरा मार्ग काढला. इंजिनखोलीच्या मागच्या भिंतीपलीकडे खलाशांच्या झोपायच्या फळ्या होत्या. ती भिंत हातभर मागे सरकवायची. फळ्या आखूड होतील, पोरं पाय दुमडून झोपतील, त्यांना सवय असते. खलाशी बंदीत गावी गेलेले होते. ते असते, तर काकांनी हे एवढ्या सहज म्हटलं असतं का, मला शंका आहे. जो समोर नसतो त्याची जागा आधी जाते. मी काहीतरी कडक बोलणार होते, पण तेवढ्यात आई खलाशांच्या गोधड्या धुऊन, वाळवून, घडी करून किनाऱ्यावर घेऊन आली होती. दर बंदीत ती ते करते. तिने सगळं ऐकलं.

“नामा, रातभर जाली ओढून मानूस पाय लांब करनार नाय तर काय करनार?” ती म्हणाली. “तुजी फली कापतंस का?”

ती खाली घडी ठेवून गेली. तो प्रश्न तिने टोमणा म्हणून मारला होता, मी मात्र तो खरा धरला. नामदेवकाकांची फळी कुठली? केबिनमधली. तांडेल सुकाणूशी जिथे उभा राहतो, त्या पायाखालच्या फळ्या म्हणजेच इंजिनखोलीचं झाकण. इंजिनाच्या डोक्यावर, होडीच्या रुंदीत आडवा इंटरकूलर ठेवला, तर दोन्ही बाजूंना सळईला मोकळी जागा होती, हवेच्या पाइपाला एकच वळण पडत होतं, आणि फिल्टरपर्यंत हात जात होता. फक्त झाकण वीतभर वर घ्यावं लागणार होतं. एवढे दिवस मी डावीकडे शोधलं, उजवीकडे शोधलं, मागे शोधलं. वर बघितलंच नव्हतं, कारण वर तांडेल उभा असायचा.

झाकण वर गेलं तर केबिनची उंची वीतभर कमी होणार होती. नामदेवकाका उंचापुरे, आधीच त्यांचं डोकं छपराला लागायचं. छप्पर वर घ्यायचं, तर वरचे दिवे, वायरलेस, खांब, सगळा सांगाडा उतरवायला हवा, आणि पुनव तोंडावर आलेली. बाबांनी झाकणावर हात ठेवून वीत मोजली. मग त्यांनी सुताराला सांगितलं, की उचल वीतभर. होडी ज्याची त्यानेच पहिली जागा द्यायची, आणि ही जागा मालकाची आणि तांडेलाची होती. नामदेवकाकांनी एकदा आत उभं राहून बघितलं. मान छातीला टेकवावी लागत होती. ते बाहेर आले आणि म्हणाले, की मी आयुष्यात कुणासमोर वाकलो नाही, आता छपराखाली वाकून होडी चालवणार नाही. आणि घरी गेले.

त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. ताठ मान हीच त्यांची मिळकत होती. पुढे महिन्याभराने ते आपणहून परत आले, मान तिरकी करून सुकाणूशी उभे राहिले, आणि तो मोसम तसाच काढला. रविवारी त्यांना सुट्टी देऊन होडी मी न्यायची. यंदा छप्पर वर घ्यायचं ठरलं आहे, सुताराने माप घेतलं आहे, आणि माप घेताना काका मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, की या पोरीने माझी मान मोडली. मी सळई पुसत होते. मी म्हटलं, होय, मोडली.

पण त्या पुनवेला ते नव्हते. सकाळपासून किनाऱ्यावर ढोल, झेंडूच्या माळा, नव्या लुगड्यांची सळसळ. प्रत्येक तांडेल आपापल्या होडीवर, उसना मागायला एकही मोकळा नाही. बाबांचा हात सुकाणू फिरवू शकत नव्हता, आणि तेही काकांइतकेच उंच. हॉटेलवाला सहकुटुंब आला होता आणि कुणीतरी त्याला प्लॅस्टिकची खुर्ची दिली होती. ‘सागरमणी’ भरतीच्या पाण्यावर तयार उभी होती. इंजिन गरम करून झालेलं, नवा इंटरकूलर जागेवर, नारळ पाटावर, आणि केबिन रिकामी.

मी उंचीने जेमतेम पाच फूट. लग्नाच्या बोलण्यांत दोनदा त्यावरून नकार आलेला आहे. मी केबिनमध्ये गेले आणि झाकणावर उभी राहिले. माझं डोकं छपराला लागलं नाही. समोरची काच, आधी जी माझ्या डोक्याच्या वर राहिली असती, ती आता बरोबर डोळ्यांसमोर होती. लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून मी हेच सुकाणू धरलं होतं, खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आले होते. शहाणी झाल्यावर ते बंद झालं. हात विसरलेले नव्हते.

बाहेर एकदोघे बोलायला लागले. बाई सुकाणूवर, तेही पुनवेच्या दिवशी. एक म्हातारा बाबांना म्हणाला, की दर्याला आवडणार नाही. बाबांनी नारळाचा पाट उचलला, होडीवर चढले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “दर्याला काय आवरतं ते मना नको सांगू. दोर सोर.”

कुणी हललं नाही, तेव्हा आईने लुगड्याचा ओचा खोचला, गुडघाभर पाण्यात उतरली आणि दोर सोडला.

खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही, पण त्या दिवशी लागला. होडी चालली होती, आणि मी समोर बघतच नव्हते. माझी नजर हवेच्या तापमानाच्या काट्यावर होती. तो थोडा चढला, थांबला, पुन्हा थोडा चढला. पायाखाली, त्या उचललेल्या फळ्यांखाली, इंजिनाची थरथर जाणवत होती, आणि मी तिच्यातली प्रत्येक धडधड मोजत होते. आता चिखल येईल, आता नळी अडेल, आता धूर निघेल. समोर वाळूच्या बांधावर पाणी फुटायला लागलं होतं. ओहोटी सुरू झाली होती, पुढून लाट उचलली होती, आणि होडीचं नाक किंचित डावीकडे वळायला लागलं तेही माझ्या लक्षात आलं नाही.

बाबा दाराशी, मान वाकवून उभे होते. काट्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं.

“इंजिनाकडं नको बगूस,” ते म्हणाले. “ते तू लावलंस. आता म्होरं बग.”

मी मान वर केली, सुकाणू उजवीकडे घेतलं आणि इंजिनाचा वेग वाढवायचा दांडा पुढे रेटला. टर्बोची शिट्टी चढली, मागून ताकद आली, आणि ‘सागरमणी’ नाक वर करून लाटेवर चढली.